साफ केलेला नाला

सोमवारी सकाळी द्वारकाबाई शेरडं घेऊन डोंगरावर चढली आणि नाल्याच्या तोंडाशी थबकली. शेरडं पुढं गेली, ती गेली नाही. आपण वाट चुकलो की काय, असं तिला वाटून गेलं. ज्या डोंगरात बावीस वर्षं टाचा झिजवल्या तिथं वाट चुकल्यासारखं वाटावं, याचाच तिला आधी राग आला.

नाला बोडका झाला होता.

भोकरदऱ्याच्या माथ्यावरून गावाकडं उतरणाऱ्या त्या नाल्यात पाच दगडी बांध होते. एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सिमेंट नाही, काही नाही. दगडावर दगड बसवून फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकलेल्या. पाणी अडवून धरायचं नाही, फक्त त्याची मस्ती उतरवून त्याला सावकाश खाली सोडायचं, एवढंच त्यांचं काम. आज वरचे दोन जागेवर होते. खालचे तीन नव्हते. तिथला तळ तर झाडून घेतल्यासारखा दिसत होता. पालापाचोळासुद्धा कुणी वेचून नेला होता. बाजूच्या बाभळीला कापडी फलक बांधला होता. द्वारकाबाई चौथीपर्यंत शिकलेली. बोट फिरवत तिनं वाचलं: 'श्रमदान. नाला स्वच्छता व मार्ग दुरुस्ती.' खाली मोठमोठ्या चाकांच्या जीपगाडीचं चित्र.

दगड शोधावे लागले नाहीत. नाल्याच्या कडेनं जीपगाड्यांची वाट वर गेली होती. त्या वाटेतले खड्डे आता खड्डे राहिले नव्हते. दगड आत घालून, वर मुरूम पसरून, चाकांनी दाबून टाकले होते. एका ठिकाणी काळा, लाल रेघ असलेला दगड अर्धा वर दिसत होता. हा बसवताना तिच्या नवऱ्याच्या, कडूबाच्या पायाचा अंगठा चेचला होता. नख आलंच नाही परत.

ती खाली बसली. बोटांनी मुरूम उकरायला लागली. मग तिच्याच ध्यानात आलं की आपण वेड्यासारखं करतोय, म्हणून उठली आणि शेरडांना शिव्या देत माघारी वळली.

नाल्याच्या पायथ्याला त्यांचं वावर होतं. पाऊण एकर. बांध नव्हते तेव्हाच्या एका पावसाळ्यात हा नाला असा उतरला होता की सकाळी वावर ओळखू येईना. उभी बाजरी गुडघाभर दगडगोट्यांखाली गाडली गेली होती. दोन उन्हाळे दोघं नवराबायको दगडच वेचत होते. पुढं वनखात्याचं काम निघालं तेव्हा तेच दगड डोक्यावर वाहून वर नेले, त्यांचेच बांध घातले. मिरीग, पावसाचं पहिलं नक्षत्र, आता पंधरा दिवसांवर आला होता.

कडूबा दारात बसून पहारीचं टोक दगडावर घासत होता. वनखात्यातला रोजंदारी मजूर. डोंगराची राखण करायची, वणवा विझवायचा, खड्डे खणायचे. डोक्यावर नवी केशरी टोपी होती.

"टोपी कुठली?"

"गाडीवाल्यायच्या क्लबानं देली. समद्यांला देली."

"समद्यांला म्हंजी कुनाला?"

"काल वर हुते त्यांला."

द्वारकाबाईनं दावणीचं दावं हातातच ठेवलं. "तुमी हुते तिथं?"

"ड्युटी हुती."

"हुते का नव्हते, तेवढं सांगा."

"पानी देत हुतो लोकायला." कडूबा पहारीकडंच बघत होता. "बाटल्यायचं पानी. खोक्यात हुतं."

"आन् दगड उचलले तवा?"

तो घासायचा थांबला. "साहेब टाळ्या वाजवायलते, द्वारका. त्या शिकलेल्या लोकायनं साखळी केली. ह्याच्या हातातून त्याच्या हातात. एक बाई गानं म्हनायली. साहेब म्हनले, शाब्बास, ह्येला म्हनतेत लोकसहभाग. मंग म्या कसं म्हनू, साहेब, ह्यो कचरा नाय, बांध हाये?"

"तोंडानं म्हनायचं. देवानं तोंड कामून देलंय? नुसतं तंबाखू कोंबायला?"

"नवीन साहेब हाये."

"नवीन असंल. आंधळा हाये का?"

कडूबा पुन्हा पहार घासायला लागला. बावीस वर्षांत सहा साहेब बदलले, आणि प्रत्येकासमोर न बोलायचं कसब त्याला आलं होतं. बांधांचा नकाशा कचेरीत कुठंतरी होता. पण नकाशा फायलीत, फाईल कपाटात, आणि कपाट उघडायची गरज नवा साहेब आल्यापासून आठ महिन्यांत कुणाला पडली नव्हती.

खरं सांगायचं तर ही गाड्यांची माणसं वाईट नव्हती, आणि तेच अवघड होतं. वाईट माणसाला शिवी देऊन मोकळं होता येतं. संभाजीनगरातली ही नोकरी-धंद्याची माणसं. कुणी डॉक्टर, कुणी कारखान्यातला इंजिनिअर. सुटीच्या दिवशी उंच चाकांच्या गाड्या घेऊन यायची आणि जिथं बैल चढत नाही तिथं गाडी चढवून हसायची. आधी चोरून यायची. डोंगराला जागोजाग चाकोऱ्या पडल्या. वनखात्यानं दोनदा पकडून दंड केला. मग या नव्या साहेबानं डोकं चालवलं: पाठलाग करण्यापेक्षा यांना एकच वाट आखून द्या, दिवस ठरवून द्या, आणि बदल्यात कामं करून घ्या. विचार चांगलाच होता. मार्चात वणवा लागला तेव्हा हीच माणसं पाण्याच्या टाक्या गाड्यांत घालून पार कड्यापर्यंत चढली होती. क्लबाचा म्होरक्या श्रीनिवास, त्याच्या भुवया जळाल्या होत्या. द्वारकाबाईनं त्या दिवशी आपल्या हातानं त्याला भाकरी आणि ठेचा वाढला होता.

म्हणून तर जास्त लागलं.

बुधवारी शाळेच्या ओट्यावर वनसमितीची बैठक बसली. क्लबाशी पाच वर्षांचा करार व्हायचा होता. कागद तयार होता. त्यावर अध्यक्षाची सही हवी होती आणि उपाध्यक्षाचीही. उपाध्यक्ष बाईच पाहिजे असा नियम आल्यामुळं दोन वर्षांपूर्वी द्वारकाबाईचं नाव टाकलं होतं. तेव्हापासून तिनं सह्या केल्या होत्या, चहा प्यायला होता, आणि बोलली एकदाही नव्हती.

अध्यक्ष काकासाहेब. त्यांचं शेत डोंगराच्या पलीकडं, विहिरीवर, नाल्याशी काही संबंध नाही. त्यांनी कागद सरकवला. "हं, द्वारकाबाई, ठोका सही. पुढच्या महिन्यात पुन्या-नाशिकाच्या गाड्या यायच्यात. गावाचं नाव व्हईल."

"आधी नाल्यातले दगड जाग्यावर बसू द्या. मंग सही."

"कोन्ते दगड?" वनखात्याच्या नव्या साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली.

"ऐतवारी तुमच्या म्होरं काढले ते. तीन बांध हुते ते."

ओट्यावर थोडी चुळबुळ झाली. साहेबांनी कडूबाकडं बघितलं. कडूबा खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होता.

काकासाहेब हसले. "दगड का सोन्याचे हुते व्हय बाई?"

"सोन्याचे असते तं तुमी नाल्यात ठिवले असते का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. काकासाहेबांचे कान लाल झाले.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा ताई, दगड जंगलाचे आहेत आणि जंगलातच आहेत. कुठं बाहेर गेलेले नाहीत."

"तुमच्या घराच्या भिंतीतल्या इटा काढून अंगनात टाकते म्या. घरच्या घरीच ऱ्हातील."

"तुम्ही विषय समजून घेत नाही. हा शासन आणि नागरिक यांच्यातला सहकार्याचा करार आहे. राज्यात असे फार थोडे झालेत."

"शासन तुमी. नागरिक ते गाडीवाले." द्वारकाबाईनं कागद उचलून बघितला, खाली ठेवला. "मंग आमी कोन?"

 साहेबांनी घड्याळ बघितलं, टोपी घातली आणि जाताना कडूबाला गाडीपाशी बोलावलं. दार उघडं धरून बोलले, त्यामुळं ओट्यापर्यंत ऐकू आलं. तसं ते ऐकू यावं म्हणूनच बोलले होते. "कायम करायच्या मजुरांची यादी या महिन्यात वर जायचीय. तुझं नाव आहे त्यात. बायकोला जरा समजावून सांग. एवढंही घरात चालत नाही का तुझं?"

कडूबानं मान हलवली. कशाला हलवली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन तो जेवला नाही. ताटापुढं बसून भाकरीचे तुकडे करत राहिला.

"बावीस वर्सं यादीत नाव जायलंय तुमचं," द्वारकाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली. "आजून पोचलं नाय. चालत गेलं असतं तरी पोचलं असतं."

"ह्या बारीला जाईल म्हनत्यात."

"आन् वावर गेलं म्हंजी?"

"पाऊण एकर ते. त्याच्यात काय पिकतं?"

ती वळली. काहीतरी जहरी बोलणार होती, पण त्याचं तोंड बघून थांबली. पाऊण एकराला नावं ठेवताना त्यानं नजर वावराच्या दिशेला वळवली होती.

गुरुवारी श्रीनिवास आला. द्वारकाबाईनंच शाळेतल्या मास्तरांकडून त्याला फोन लावून घेतला होता आणि निरोप दिला होता: गाडी पाराशी ठेवून यायचं, वर पायी चढायचं. चाळिशीचा, गोरा, पोट सुटलेला माणूस. पहिल्या चढालाच त्याला धाप लागली.

"मावशी, जरा हळू."

"हळूच चाललेय. डोईवर दगड असला तं ह्येच्याहून हळू चालते."

वरच्या, शाबूत राहिलेल्या बांधापाशी तिनं त्याला उभं केलं. "ह्येच्यावर पाय ठिवा. उड्या मारा."

त्यानं भीतभीत पाय ठेवला, मग उडी मारली. एक दगड हलला नाही.

"आता ह्येच्या मागं बघा. माती साचली का नाय? ती येरवी मपल्या वावरात असती, वर गोटे घिऊन."

श्रीनिवासनं मागं बघितलं, खाली बघितलं, मग झाडून काढलेल्या नाल्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "आम्हाला वाटलं पुराच्या पाण्यानं दगड वाहून आलेत. नाला तुंबलाय. आम्ही... मावशी, आम्ही साफ केला तो."

"वाहून आलेले दगड असे रांगंत बसतेत व्हय? एकाला एक चिकटून? शाळंतल्या पोरायवानी?"

"कुणी सांगितलं का नाही? तुमचे मिस्टरसुद्धा होते तिथं."

ही गोष्ट त्यानं दोष द्यायला विचारली नव्हती. पण द्वारकाबाईच्या छातीत ती काट्यासारखी शिरली. नवऱ्याला ती हजार बोलली असती. दुसऱ्यानं बोललेलं तिला सोसेना.

"तुमी ईचारलं हुतं का त्याला?" ती म्हणाली. "पानी मागितलं आसंल. दगडाचं ईचारलं?"

श्रीनिवासनं वाकून बांधाच्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाला, "रविवारी येतो. जेवढे येतील तेवढे घेऊन. सांगाल तसं करू."

रविवारी सहाच गाड्या आल्या. नाला साफ करायला चौदा आल्या होत्या. वीसेक माणसं, हातमोजे घालून, टिकाव-फावडी कुठून कुठून जमवून. आधी वाट उकरायची होती. तुडवून पक्का झालेला मुरूम फोडताना त्यांची मनगटं झिणझिणायला लागली. दहा वाजेपर्यंत तळहात फुटले. एक जण सावलीत जाऊन ओकला. गावातली पाचसात माणसं नाल्याच्या काठावर बसून बघत होती.

"ओ डाक्टर," पुंजाराम म्हातारा ओरडला, "टिकाव उलटा धरलाय! सोताच्याच टाळक्यात घालून घेशाल!"

डॉक्टरानं टिकाव उलटसुलट करून बघितला आणि गाव पोट धरून हसलं. डॉक्टरही हसला. द्वारकाबाई हसली नाही. ऊन वाढत होतं आणि पश्चिमेला सकाळपासूनच मळकट ढग जमायला लागले होते.

गाड्यांच्या पुढं लोखंडी दोराचा रहाट होता. अडकलेली गाडी ओढायला वापरायचं यंत्र. त्यानं पायाचे मोठे दगड ओढून नाल्यात आणता आले. जे काम पूर्वी चार माणसं आणि अर्धा दिवस घ्यायचं, ते दहा मिनिटांत. कडूबा त्या यंत्राकडं बघतच राहिला. मग नकळत पुढं झाला आणि दगडाला दोर कुठून बांधायचा ते दाखवायला लागला. "पोटाला नगं. मानंला बांदा. हां, आता ओढा."

गाणं म्हणणारी बाई म्हणजे कालिंदी. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी तिची. तिनं मोजे काढून टाकले होते आणि द्वारकाबाईच्या बाजूला उकिडवी बसून चिपा ठोकत होती.

"काकू, ही बसत नाहीये."

"फिरवा. दगडाला तोंड असतंय. त्याचं तोंड कुठं हाये ते पघायचं."

"याला तर चार तोंडं दिसतात."

"मंग म्होरच्या निवडनुकीला उभा करा त्याला."

कालिंदी इतक्या जोरात हसली की हातोडी बोटावर बसली. तिनं बोट तोंडात घातलं, आणि तशीच पुढची चीप उचलली.

तीन वाजेपर्यंत दोन बांध उभे राहिले. पाया दीड हात खाली, दोन्ही टोकं काठाच्या मातीत खोल खुपसलेली. तिसरा, सगळ्यात खालचा, वावराच्या तोंडावरचा, तेवढा राहिला होता. माणसं गळाठली होती. द्वारकाबाई आणि कालिंदी अजून वर नव्यानं उभ्या केलेल्या दुसऱ्या बांधाच्या फटी भरत होत्या. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. सोबत फोटोवाला होता आणि फाईल होती.

"वा! झालं की!" साहेब म्हणाले. "उरकून घ्या. पाऊस येईलसं दिसतंय. फोटो काढू, सही घेऊ."

उरकून घ्या म्हटल्यावर उरकलंच. खालच्या मंडळींनी पाया खणलाच नाही. गोल गोटे एकावर एक रचले, फटींत माती लोटली, वरून फावड्यानं थापलं. अर्ध्या तासात कमरेएवढी भिंत उभी राहिली. आधीच्या दोन बांधांपेक्षा ती सरळ आणि देखणी दिसत होती. साहेबांनी सगळ्यांना तिच्यामागं उभं केलं. फाईल गाडीच्या बोनेटवर उघडून ठेवली.

द्वारकाबाई खाली उतरत आली आणि तिला ती भिंत दिसली.  एका पाण्यात ही भिंत सुटेल, आणि सुटली की हेच गोटे वावरात. आधी नुसता नाला होता, आता त्याच्या हातात धोंडे दिले. ती ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला कडूबा दिसला.

तो फोटोच्या रांगेत नव्हता. पहार घेऊन भिंतीच्या पुढच्या बाजूनं चालला होता. चालणं त्याचं नेहमीचंच, खांदे पाडून. सगळ्यांना वाटलं पहार ठेवायला चाललाय. त्यानं पहारीचं टोक खालच्या गोट्याखाली घातलं आणि अंगाचा भार टाकला.

भिंतीनं आधी माती सांडली. मग मधोमध पोट काढलं आणि गडगडत खाली आली. रांगेतली माणसं मागं उड्या मारत सरली. धुरळा उठला.

"कडूबा!" साहेबांचा आवाज फाटला. "अक्कल आहे का? काय केलंस हे?"

कडूबानं पहार उपसून हातात घेतली.  

"ह्यो बांध नव्हता, साहेब."

"काय?"

"मागच्या ऐतवारी हितं बांध हुता." त्यानं पहार दोन्ही हातांनी धरली होती. "तवा तो काढायले, आन् म्या पानी वाटत हुभा ऱ्हायलो. बोललो नाय. आता बोलायलोय. पाया दीड हात खाली जातो. काठात टोकं जात्यात. येरवी ह्ये दगड मपल्या वावरात येनार हायेत, आन् ते येचायला तुमी येनार नाय."

"यादी अजून माझ्या टेबलावर आहे, एवढं ध्यानात ठेव."

"ठिवा नाय तं फाडा."

 फोटोवाल्यानं कॅमेरा हळूच खाली केला. द्वारकाबाई जिथं होती तिथंच उभी होती. तिनं लुगड्याचा काष्टा उगीचच पुन्हा खोचला. बावीस वर्षं ज्या माणसाला ती बोल म्हणत होती तो बोलला होता, आणि आता तिलाच भीती वाटत होती.

श्रीनिवासनं गोट्यांच्या ढिगातून वाट काढली. "दीड हात म्हणजे किती, दाखवा," तो कडूबाला म्हणाला.

कडूबानं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला, मग अर्धा आणखी. श्रीनिवासनं टिकाव उचलला.  पुंजाराम म्हातारा धोतर खोचून खाली उतरला आणि आपल्या हातानं रेघ ओढून पायाची जागा आखली. त्याच्यामागं काठावरचे आणखी दोघं उतरले. कालिंदी गाडीकडं धावली, रहाटाचा दोर सोडवायला. ढग पार डोक्यावर आले होते. वारा सुटला होता आणि डोळ्यांत माती जात होती.

साहेब फाईल आणि पेन घेऊन द्वारकाबाईजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, निदान तुम्ही तरी. मला वर उत्तर द्यायचंय. एक सही आहे फक्त."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. घाम त्यांनाही आला होता. तिनं त्यांच्या हातातली फाईल काढून घेतली, बोनेटवर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि रिकामं घमेलं त्यांच्या हातात दिलं.

"आधी चिपा लागत्यात, साहेब. तिकडं वाटंवर पडल्यात."

साहेब घमेलं धरून उभे राहिले. ते कसं धरायचं तेही त्यांना कळेना. एकदा कमरेला लावलं, एकदा खाली सोडलं. पायाच्या खड्ड्यातून कडूबाची पहार ठण ठण वाजत होती. त्यानं मान वर केली नाही.

"मोठ्या नका आनू," तो आतून ओरडला. "बोटायएवढ्या आना."

साहेब वाटेकडं वळले.